हात देईन तव्हा घे

पुसेगावच्या आमच्या शाळेत दर आठवड्याला कोरडा दिवस पाळतात. कोरडा दिवस म्हटलं की पोरं खुसुखुसू हसतात, त्यांना दारूचं दुकान आठवतं. आमचा कोरडा दिवस पाण्याचा. घरातले ड्रम, हौद, रांजण रिकामे करायचे, घासायचे, उन्हात वाळवायचे, म्हणजे अंगावर पांढरे पट्टे असलेल्या त्या डासाची अंडी मरतात. मी फळ्यावर डास काढते, पोरांकडून सगळं वदवून घेते आणि संध्याकाळी घरी येऊन माझाच निळा ड्रम मोरीत आडवा करते. नळ येतो आठ दिवसांनी. काटकसर करून तळाला राखलेलं पाणी असं वाहून जाताना बघणं फार जिवावर येतं. त्यातून त्या मेल्या डासाला पाणीही स्वच्छच लागतं. कंटाळा येतो, खरं सांगते. पण ड्रम तिरपा करताना दर वेळी हुरमतखालाचे हात डोळ्यांपुढे येतात आणि मी पाणी सोडून देते.

खाला आता नाही. मी आखाडा बाळापूरला नोकरीत असताना तिच्या भिंतीला भिंत लागून माझी भाड्याची खोली होती. खाला मणियार, म्हणजे बायकांच्या हातात बांगड्या भरणारी. बाळापूरचा बाजार, आजूबाजूची गावं, तांडे, पार वारंगा फाट्यापर्यंत तिची फेरी असे. बुटकी, रुंद बाई. बारीक फुलांचं लुगडं, नाकात चमकी, डोक्यावर टोपली आणि टोपलीत सुतळीला ओवलेल्या बांगड्यांच्या माळा. तिच्या स्वतःच्या हातात मात्र एकही बांगडी नव्हती. नवरा गेल्यापासून तिनं घातलीच नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "माह्या मापाची येतच न्हाई." आणि विषय तिथंच मिटायचा.

मी नवीन होते तेव्हाची गोष्ट. माझ्या सामानाची पोती अजून सुटली नव्हती आणि ही बाई दारात येऊन बसली. ओळख नाही, पाळख नाही, म्हणाली, "मास्तरीणबाई, हात द्या." मी हात पुढे केला. तिनं तो दोन्ही हातांत घेतला, अंगठ्याच्या मुळाशी दाबून पाहिला, उलटा केला, सुलटा केला. मला हसू यायला लागलं आणि मी नकळत मूठ आवळली.

"घट्ट काहून धरून राहिल्या? ढिला सोडा. हात आता तुमचा न्हाई, माहा हाय. मी देईन तव्हा घ्या."

ही तिची पहिली अट. दुसरं तिचं हत्यार होतं बोलणं. लग्न झालेली बाई समोर बसली की खाला अगदी सहज विचारायची, "सासू कशी हाय?" बाईचं तोंड उघडायचं, गाऱ्हाणं सुरू व्हायचं, आणि त्या भरात हात असा सैल पडायचा की सगळा जोड एका दमात मनगटावर. सासू चांगली असली तर मात्र खालाची पंचाईत व्हायची. मग ती नणंदेवर जायची. शाळेतल्या पोरींना विचारायची, "बाई मारतेत का गं?" आणि माझ्याकडे बघून डोळा घालायची. मला सासू नाही, नणंद नाही. माझा हात आखडलेलाच. खालानं थोडा विचार केला आणि म्हणाली, "बदली कव्हा व्हते आता?" मी जी सुरू झाले ती थेट जिल्हा परिषदेपर्यंत पोचले. गप्प झाले तेव्हा दोन्ही हात भरलेले होते.

भरून झाल्यावर ती सुतळीतून आणखी एक बांगडी काढायची आणि वरून चढवायची. "ही माही." ती तिच्याकडून, आशीर्वादाची. मग बाईनं वाकून खालाला नमस्कार करायचा, अशी रीत. पाटलाची सून असो की रोजंदारीवर जाणारी असो, बांगड्या भरल्या की सगळ्या हिच्यासमोर वाकायच्या आणि ही टोपली आवरता आवरता, फार लक्ष न देता, त्यांच्या डोक्यावर हात ठेवायची. प्लास्टिकच्या बांगडीला तिनं जन्मात हात लावला नाही. धातूच्या बांगडीला ती 'बेडी' म्हणायची. बशीतून चहा प्यायची, तोही बिनसाखरेचा, आणि चहा गोड झाला की सुनेचा उद्धार करायची.

सून शबाना. मुलगा टेम्पोवर, आठ-आठ दिवस बाहेर, त्यामुळे घरात या दोघीच. शबानाला हा धंदा शिकायची फार हौस होती, पण टोपलीला हात लावला की खाला ओरडायची, "नक्को! तेरे हातां भाकरी के हातां. काँच को नक्को लगा." दुसऱ्यांशी बोलताना मराठी आणि सुनेवर चिडताना दखनी, अशी तिची वाटणी होती. शबाना निमूट चुलीपुढे जायची. भिंतीपलीकडून मला भाकरी थापल्याचा आवाज यायचा आणि त्यावरून ती किती रागावली आहे ते कळायचं.

माझी घरमालकीण वत्सलाकाकू. तिची मुलगी मंगल. मंगलच्या हातात जन्मानंतरची पहिली काळी बांगडी खालानंच घातलेली. लहानपणी मंगल पेरूच्या झाडावरून पडली आणि उजवं मनगट मोडलं. गावातच कुणाकडून तरी बांधून घेतलं, ते वाकडं बसलं. अंगठ्याच्या खाली हाड वर आलेलं, तो अंगठा आत दुमडायचाच नाही. काचेची बांगडी त्या हाडाशी येऊन अडायची. दुसऱ्या एका बांगडीवाल्यानं एकदा रेटून पाहिलं तर पोरगी कळवळून उठली आणि पुन्हा कुणापुढे हात करीना. खालापुढे करायची. खाला तो हात मांडीवर घेऊन नुसती बसायची. हळूहळू दाबायची, बोटांनी हाडाच्या कडेकडेनं वाट शोधायची, बांगडी जरा तिरपी करायची आणि मंगलला तिच्या मैत्रिणींच्या भानगडी विचारायची. बांगडी कधी पार झाली ते मंगललाही कळायचं नाही.

"तुहा चुडा म्याच भरीन," ती मंगलला म्हणायची. "दुसऱ्याच्या हातात हा हात देऊ नको. तोडून टाकतीन."

मंगलचं लग्न ठरलं तो उन्हाळा होता. तारीख पुढच्या उन्हाळ्यातली धरली. आणि मधल्या पावसाळ्यात गावात चिकनगुनिया आला.

ज्यांनी तो पाहिला नाही त्यांना सांगून कळायचं नाही. माणसं भिंती धरून चालत होती. धडधाकट गडी म्हाताऱ्यासारखे कमरेत वाकलेले. माझ्या वर्गात अर्धी पोरं, आणि मी खुर्चीतून उठायचं म्हणजे आधी टेबलाला दोन्ही हात लावायचे. फवारणीचं यंत्र धूर सोडत गल्लीतून जायचं आणि सगळे पुन्हा ड्रम भरून ठेवायचे, कारण नळाचा भरवसा नव्हता. तापापेक्षा त्या दुखण्याचाच शीण मोठा. घराघरातून मिठाचा शेक चालला होता. जाडं मीठ तव्यावर भाजायचं, फडक्यात पुरचुंडी बांधायची आणि सांध्यांवर फिरवायची. गावभर भाजक्या मिठाचा वास.

खालालाही ताप आला. बोटं सुजली, अंगावर पुरळ आलं, आठवडाभर तिनं अल्लाला आणि शबानाला आळीपाळीनं हाका मारल्या. मग ताप उतरला आणि ती उठली. दिवाळी तोंडावर होती, बांगड्यांचे दिवस. शबाना नको नको म्हणत असताना टोपली डोक्यावर घेऊन बाहेर पडली. पण काहीतरी बिघडलं होतं. हातातली बशी निसटायची. पायात चप्पल आहे की नाही हे तिला खाली वाकून बघावं लागायचं. म्हणायची, "मुंग्या येऊन राहिल्या बाई, पायाला बी न् बोटाला बी." आम्ही म्हणायचो, तापाचंच आहे, जाईल. सगळ्या गावाचं काही ना काही दुखत होतं, तिच्या मुंग्यांचं कोणाला काय वाटणार?

एक दिवस ती काकूच्या ओसरीवर काकूलाच बांगड्या भरत बसली होती. काकूची सासू जाऊन वर्षं झाली, तरी तिच्याबद्दल सांगण्यासारखं काकूकडे अजून भरपूर शिल्लक होतं. मी बाजूला वह्या तपासत होते. कट्‌ आवाज झाला. मग परत एक. खालाच्या हातून बांगडी फुटणं हेच नवल, आणि इथं लागोपाठ दोन. तेवढ्यात काकू किंचाळली. तिच्या मनगटावरून रक्ताचा ओघळ कोपराकडे चालला होता. मंगल पाणी घेऊन धावली, हात धुतला. काकूच्या हाताला ओरखडासुद्धा नव्हता. आम्ही एकमेकींकडे बघतोय तोवर धुतलेल्या हातावर पुन्हा रक्त टपकलं.

ते खालाचं होतं. काचेचा तुकडा तिच्या अंगठ्यात रुतून बसला होता आणि ती त्याच अंगठ्यानं दाबत होती. तिनं अंगठा डोळ्यांसमोर धरला. दुसऱ्याच कुणाचा असावा तसा त्याच्याकडे बघत राहिली.

"खाला, दुखत न्हाई का?" मंगलनं विचारलं.

"न्हाई गं. कळतच न्हाई."

तिथंच आम्हाला थांबायला हवं होतं. पण साऱ्या गावाच्या डोक्यात एकच दुखणं बसलेलं आणि त्याच्यावर एकच औषध. काकूनं तुकडा काढून हळद दाबली आणि शबानाला बजावलं, "हातापायाला चांगला शेक दे. नसा मोकळ्या व्हतीन." शबानानं त्या संध्याकाळी मीठ भाजलं. पुरचुंडी तळपायाला लावून विचारलं, चटका बसतो का? खाला म्हणाली, न्हाई, अजून गरम कर. शबानानं पुन्हा तव्यावर धरली, पुन्हा लावली. अजून गरम कर. शेवटी पुरचुंडी शबानाच्याच हातात धरवेना, तरी खालाचं तेच. फडकं बाजूला केलं तेव्हा तळपायाला फोड आले होते. सकाळी ती उठायला गेली तर पाय अंगाखाली राहिलेच नाहीत. उंबऱ्यात बसली ती बसलीच.

बाळापूरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि सलग पेशंट बघून त्यांचे डोळे तांबारले होते. आधी त्या फोड बघून शबानावर चिडल्या. मग 'अजून गरम कर' ऐकलं आणि खालाला कॉटच्या कडेला पाय सोडून बसवलं. रबरी हातोडी घेऊन त्यांनी खालाच्या गुडघ्याखाली मारली. पाय हलला नाही. दुसऱ्यावर मारून पाहिली. तोही नाही.

"ताप गेलाय आजी," त्या म्हणाल्या. "हे तापाच्या मागून आलंय. तापाशी लढायला शरीरातली शिपाई मंडळी उठली होती ना, ती लढाई संपली तरी थांबेनात. आता तुमच्याच नसांवरचं आवरण कुरतडून राहिलीत. वायरवरचं रबर निघालं की करंट पुढं जात नाही, तसं झालंय."

"म्हंजे घरचेच," खाला म्हणाली.

"हो. घरचेच."

"मंग बराबर हाय. परक्यानं मला कव्हा तकलीफ दिली?"

त्या अवस्थेतही तिनं शबानाकडे बघून घेतलं. डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की पायातून हे हातात येतं आणि हातातून श्वासात. आजच्या आज नांदेडला न्या. मुलगा टेम्पो घेऊन दूर होता, म्हणून अॅम्ब्युलन्समध्ये शबानाबरोबर मी बसले.

नांदेडच्या त्या वॉर्डाबद्दल मला फार लिहवत नाही. फिनाईलचा वास, नातेवाइकांनी अंथरलेल्या सतरंज्या, आणि कुणाला काही विचारायचं तर आधी कोण रिकामं आहे ते शोधायचं. दुखण्याचं नाव जीबीएस म्हणून सांगितलं. महागडी इंजेक्शनं होती, ती योजनेतून मिळाली. त्या कागदांमागे शबाना या खिडकीतून त्या खिडकीत फिरत होती. मी शनिवार-रविवार जायचे आणि परत येताना एसटीत खिडकीला डोकं टेकून झोपायचे.

खालाचा श्वास कितपत टिकतो ते बघायला डॉक्टर सकाळ-संध्याकाळ यायचे. एका दमात आकडे म्हणा, म्हणायचे. पहिल्याच दिवशी तिनं सांगून टाकलं, "आकडे न्हाई येत मला. मी रंग म्हणते." आणि टोपलीत माळा ज्या क्रमानं लावलेल्या असत त्या क्रमानं म्हणून दाखवलं, "राणी, डाळिंबी, अबोली, आंबा, पोपटी, आमसुली, जांभळा, मोरपंखी, हिरवा." हिरवा शेवटी, कारण हिरवा तिच्या लेखी नुसता रंग नव्हता, हिरवा म्हणजे लगीन. डॉक्टर म्हणाले, चालेल. मग पुढच्या वेळी तिचा दम मोरपंखीवर संपला. त्याच्या पुढच्या वेळी पोपटीवर. वॉर्डातले सगळेच ऐकू लागले. शेजारच्या कॉटवरचा म्हातारा कान देऊन असायचा. ज्या दिवशी ती 'राणी' म्हणाली आणि पुढे फक्त ओठ हलले, त्या दिवशी तिला आत नेऊन गळ्यात नळी घातली.

पुढचं मला शबानानं सांगितलं. आत भेटायला सोडत ते थोडाच वेळ. खालाला बोलता येईना, हात हलेना, मान हलेना. फक्त डोळे जिवंत. शबानाला काय बोलावं सुचेना, म्हणून ती तेच रंग म्हणत बसायची. एकदा चुकून अबोलीनंतर जांभळा म्हणाली, तर खालाचे डोळे असे तापले की शबाना दचकली. दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम चुकली. मग रोजच चुकायला लागली. हिरवा मध्येच, राणी शेवटी, मोरपंखी दोनदा. "गुस्सा आया तो आँखां कैसे चमकते बाई," मला सांगताना ती रडत होती. "ग्वाड बोलले की बुझते."

नळी निघाली. रंग परत येऊ लागले, आधी अबोलीपर्यंत, मग आमसुलीपर्यंत. खालाला घरी आणलं तेव्हा थंडी सरत आली होती. ती उभी राहायला शिकली, मग भिंतीला धरून मोरीपर्यंत जायला. दम पुरा हिरव्यापर्यंत पोचला. बोटं तेवढी पोचली नाहीत. हात वर यायचे, मूठ अर्धी वळायची, पण टोकाला काही कळायचंच नाही. शबाना तिच्या हातात रबरी चेंडू द्यायची आणि दाबायला लावायची. खाला दाबायची, चेंडू कधीच घरंगळून कॉटखाली गेलेला असायचा आणि ती आपली दाबतच असायची. एकदा मी समोर बसले असताना तिला ते कळलं. तिनं रिकाम्या मुठीकडे बघितलं आणि म्हणाली, "लई कंटाळा आला बाई." एवढंच. मी खाली वाकून चेंडू काढून दिला.

मंगलचं लग्न जवळ आलं. काकूच्या घरात सगळ्यांना एकाच गोष्टीचा घोर होता आणि बोलत कुणी नव्हतं. चुडा भरताना काच फुटली तर अपशकुन. आणि खालाच्या हातून आता फुटणारच, हे ओसरीवर रक्त बघितलेल्या काकूला कोणी सांगायला नको होतं. नवऱ्याकडच्यांनी निरोप धाडला की हाताचा एवढा त्रास असेल तर धातूच्या बांगड्या घाला, उघडतात त्या. काकूला ते पटलं होतं. मंगलला पटलं नाही.

"बेडी न्हाई घालायची मला," ती म्हणाली. "खालानं न्हाई भरल्या तर मी तशीच उभी राहते."

"अगं, तिच्या बोटाला कळंना तर ती काय करंल?"

"ते तिला इचार."

काकू विचारायला गेली नाही. तिला धीर झाला नाही. पण भिंतीला भिंत लागून घर, सगळं पलीकडे ऐकू गेलंच असणार. हळदीच्या दिवशी सकाळी शबाना टोपली डोक्यावर घेऊन आली. टोपली तिच्या डोक्यावर मी पहिल्यांदा पाहिली. तिच्या खांद्याला धरून खाला, एक एक पाऊल मोजल्यासारखं टाकत. ओसरीवर बायका जमल्या होत्या, त्या सरकल्या. खाला खाली बसली, म्हणजे शबानानं बसवली.

"हात दे," ती मंगलला म्हणाली.

मंगलनं वाकडा हातच पुढे केला. खालानं तो दोन्ही मनगटांनी ओढून घेतला आणि आपल्या गालाला लावला. आम्ही सगळ्या बघत राहिलो. तिनं डोळे मिटले आणि तो हात गालावरून हळूहळू फिरवला. अंगठ्याच्या मुळाशी थांबली, हाडाशी थांबली, पुन्हा मागे गेली. बोटांचं गेलं होतं, गालाचं शाबूत होतं.

"सुजलाय. काल खारं खाल्लं काय गं? शबाना, एक माप वरचं काढ."

शबानानं हिरव्या माळेतून वरचं माप काढलं.

"अब तू भर."

शबाना तिच्याकडे बघतच राहिली. इतकी वर्षं टोपलीला हात लावू दिला नाही, आणि आता भर म्हणते ती नेमका हा हात. पहिली बांगडी हाडाशी अडली. काकूनं पदर तोंडात धरला.

"दबा नक्को," खाला म्हणाली. "भाकर थापते वैसा नक्को. भाकर फिराते ना परातीत, कडेकडेनं, वैसा फिरा."

शबानानं बांगडी फिरवली. कडेकडेनं, जरा जरा. बांगडी हाडावरून घसरली आणि पार झाली. मंगलनं सोडलेला श्वास मला ऐकू आला. मग दुसरी, मग तिसरी. खाला बोलत राहिली, नवरा काय करतो, सासूचं नाव काय, घरात म्हशी किती, आणि मंगल उत्तरं देत राहिली. भाकरीच्या हातांनी चुडा चढत गेला. एक फुटली नाही.

शेवटी एक राहिली. खाला म्हणाली, "ती मला दे. ती माही."

शबानानं बांगडी तिच्या अंगठ्यात आणि बोटांत नीट बसवून दिली. खालानं मंगलचा हात मांडीवर घेतला. तिचा स्वतःचा हात लाकडासारखा ताठ झाला होता. बांगडी हाडापर्यंत आली आणि थांबली. तिनं दाबलं. काच वाकल्यासारखी वाटली मला. खालाच्या कपाळावर घाम आला होता, आणि ही एवढी एक बांगडी न फुटता जावी, एवढंच मी मनात म्हणत होते.

तेव्हा मंगल अगदी सहज म्हणाली, "खाला, सून कशी हाय?"

बायका हसल्या. खालानं मान वर केली.

"सून? काय सांगू बाई. इतके वर्षं झाले, चहात साखर टाकतेच. भाकर करती तर परात आपटती, भिंतीपलीकडं मास्तरीणबाईला कळतं, मला काय कळत न्हाई? आन् दवाखान्यात तर रंग उलटे म्हणायची. हिरवा मधीच, राणी शेवटी. मुद्दाम म्हणायची. मला समजत नव्हतं व्हय? म्हातारीला राग यावा, रागानं तरी ही जित्ती राहावी, म्हणून म्हणायची. अशी हाय सून."

शबानानं तोंड फिरवलं. खाला अजून दाबतच होती.

"खाला," मंगल म्हणाली, "गेली."

"काय गेली?"

"बांगडी. गेली बघा."

खालानं खाली पाहिलं. आधी आपल्या बोटांकडे, ती रिकामी होती. मग मंगलच्या मनगटाकडे. वाकड्या हाडाच्या वर सगळ्या हिरव्या बांगड्या होत्या आणि त्यांच्या अलीकडे तिची एक.

"कव्हा गेली?"

"तुमी सुनंचं सांगत व्हत्या तव्हा."

बाहेर मांडवात हळदीसाठी मंगलला हाका मारत होते. काकू उठून मांडवात गेली आणि तिथून दोनदा ओसरीवर डोकावून गेली. मंगलला नमस्कार करायचा होता, पण तिचा हात खालाच्या हातात होता.

"खाला, हात द्या की आता माहा."

"मी देईन तव्हा घे," खाला म्हणाली.

त्यानंतरच्या जूनमध्ये माझी बदली झाली आणि पुढच्या थंडीत खालाच्या छातीत कफ भरला. दम आधीच तोकडा होता, तो पुरला नाही. शबानाचा फोन आला तेव्हा मी वर्गात होते. टोपली आता तिच्या डोक्यावर असते आणि ती भरते म्हणे चांगलं. खाला आठवली की मला दिसते ती त्या ओसरीवर. बाहेरून हाका येत होत्या आणि ती मंगलचा हात मांडीवर घेऊन बसली होती. बोटांना तो हात कळत नव्हता, म्हणून ती त्याच्याकडे बघत बसली होती.